शास्त्री नदीवरील ऊद व त्याचें भोजन

दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत माझा नातू मुंबईहून सुटीसाठीं आला, तेव्हां त्याच्या पिशवींत सील नांवाच्या समुद्रजीवांविषयींचें एक इंग्रजी पुस्तक होतें. संध्याकाळीं पडवींत बसून तो मला त्यांतला मजकूर मराठींत करून सांगे. उत्तरेकडील थंड समुद्रांत सील व त्यांचे गोत्रज समुद्रसिंह कसे कमी झाले, ती घट मोजण्यासाठीं शास्त्रज्ञ निर्जन खडकांवर काय काय हुडकीत हिंडतात, त्या प्राण्यांच्या विष्ठेंतून माशांच्या कानांतले बारीक खडे वेंचून त्यांच्या जेवणाचा तपास कसा लावतात, हें सर्व ऐकतांना मला मोठी मौज वाटे. शेवटीं एके दिवशीं त्यानें विचारलें, "आजोबा, आपल्या खाडींत सील कां नाहींत?"

सील भारताच्या किनाऱ्यावर कोठेंच वस्ती करीत नाहीं. परंतु मासे मारून पोट भरणारा, अंगानें केसाळ, पाण्यांत मासोळीसारखा व जमिनीवर मुंगसासारखा वावरणारा, आणि दिवसेंदिवस दिसेनासा होत चाललेला असा एक प्राणी आमच्या संगमेश्वरच्या नदींत आहे. त्याचें नांव ऊद. नातवाला मीं तसें सांगितलें खरें, पण त्याच्या पुढच्या प्रश्नानें माझी पंचाईत झाली. "किती आहेत, आणि काय खातात?" ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरापायीं माझे दोन उन्हाळे व दोन हिंवाळे गेले आहेत. उत्तर अर्धेमुर्धेंच सांपडलें आहे. तें जसें आहे तसें वाचकांपुढें ठेवतों.

संगमेश्वराचें नांव निघालें कीं वाचकांस १६८९ साल व संभाजी महाराजांची कैद आठवावी, हें साहजिक आहे. गांवाला नांव मिळालें तें मात्र नद्यांमुळें. सोनवी येथें शास्त्रीला मिळते. आणि कसब्याकडे गेलें तर कर्णेश्वराच्या प्राचीन देवळाच्या परिसरांत अलकनंदा व वरुणा यांचा संगम लोक दाखवितात. सह्याद्रीचें हें सारें पाणी घेऊन शास्त्री फुणगुसावरून वळणें घेत घेत जयगडापाशीं समुद्रास मिळते. डोंगराचें गोडें पाणी आणि खाडीचें खारें पाणी यांची रोज दोनदां जेथें गांठ पडते, तो पट्टा म्हणजे उदाचा खरा मुलूख. खारें पाणी अंगावर सुकलें तर त्याचे केस चिकटतात व अंगांत गारठा शिरतो. म्हणून खाडींत मासे मारले तरी न्हाण्याला त्याला गोडें पाणीच लागतें. ह्या बाबतींत तो आपल्यासारखाच आहे म्हणावयाचा!

ह्या नांवाच्या संबंधानें माझ्या हातून एक अपराध घडला आहे, तो आधींच सांगून टाकतों. लहानपणीं वडिलांनीं माझ्याकडून अमरकोश पाठ करून घेतला होता. त्यांतील वारिवर्गांत शिशुमार, मकर यांच्या पंगतीला उद्र बसलेला आहे. 'उन्द्' म्हणजे भिजणें, ओलें होणें; त्याच धातूपासून उदक आला, समुद्र आला, आणि उद्रही आला. ग्रीकांचा हायड्रा व इंग्रजांचा ऑटर हे ह्याच घराण्यांतले शब्द होत. पारशांच्या अवेस्तेंत तर हा प्राणी उद्र ह्याच नांवानें आला आहे. आणि वेंदीदाद ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायांत उद्राची हत्या करणाऱ्याला दहा हजार फटक्यांचें प्रायश्चित्त सांगितलें आहे. उद्र मारला तर त्या जागीं अवर्षण पडतें, असेंही त्याच ग्रंथांत आदल्या अध्यायाच्या शेवटीं म्हटलें आहे. पहिल्यानें हें वाचलें तेव्हां मला हंसूं आलें होतें.

एवढी विद्या पदरीं असून मीं वर्गांत काय शिकविलें? उद्र म्हणजे उदमांजर! ही गोष्ट सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची. शेवटच्या बांकावरचा एक भोयाचा मुलगा उठून म्हणाला, "नाय गुरुजी, उदमांजर झाडावर ऱ्हातं. ऊद पाण्यातला." वर्ग हंसला, मला राग आला, आणि त्या मुलाच्या तळहातावर छडी पडली. वस्तुतः त्याचें म्हणणें अक्षरशः बरोबर होतें. उदमांजर हें रात्रीं माडाफणसांवर चढून फळें खाणारें, घराच्या आढ्यावरून धांवणारें निराळेंच जनावर; ऊद, कोणी हूद म्हणतात, कोणी पाणमांजर म्हणतात, तो नदींतला. वर्तमानपत्रांतून आजही ह्या दोहोंचा घोटाळा पाहण्यांत येतो, तेव्हां मीं एकट्यानेंच तो केला असें नाहीं. पण छडी माझ्या एकट्याच्या हातांत होती. चूक माझ्या ध्यानांत आली तोंवर तो मुलगा शाळा सोडून बापाबरोबर होडीवर जाऊं लागला होता.

नातवाचे प्रश्न घेऊन मी गेलों तो ह्याच गृहस्थाकडे. आतां त्याची पन्नाशी आली आहे, डोईचे केस पांढरे झाले आहेत. छडीचा विषय त्यानें काढला नाहीं, मींही काढला नाहीं. माझें बोलणें ऐकून घेऊन तो म्हणाला, "गुरुजी, उदाचं बघायचं तर ओहोटीला यायला लागंल. आणि एक आधीच सांगतो. तो माझं जाळं फाडतो. मी काय त्याचा सोयरा नाय." मला तें बोलणें आवडलें. ज्याचें नुकसान होतें त्याच्याबरोबर शोध करावा. प्रेमानें आंधळा झालेला साथी अशा कामांत उपयोगाचा नसतो.

भारतांत उदांच्या तीन जाती आहेत. कोंकणच्या नद्याखाड्यांतून आढळणारा बहुतकरून गुळगुळीत केसांचा मोठा ऊद होय. पूर्ण वाढलेल्या जनावराचें वजन ७ ते ११ किलो भरतें. शेपूट मुळापाशीं जाड व पुढें चपटी होत गेलेली. पायांच्या बोटांना बदकासारखे पडदे. आणि तोंडावर राठ मिशा. गढूळ पाण्यांत मासा हलला तर त्याचा धक्का ह्या मिशांना कळतो. नर, मादी व पिलें असें कुटुंब करून तो राहतो, एकत्र शिकार करतो, आणि शीळ घालून एकमेकांस हांक मारतो. बांगलादेशांत नराइल भागांतले कोळी हाच ऊद माणसाळवून, दोरीला बांधून, त्याच्याकडून मासे जाळ्यांत हांकून घेतात. हें मीं सांगितलें तेव्हां माझा साथी म्हणाला, "तिकडचे ऊद शिकलेले दिसतायत. आमचे तुमच्या शाळेत आले नाय."

सील आणि ऊद यांत एक मोठा भेद आहे, व ह्या लेखाचें मर्म त्या भेदांत आहे. सीलाच्या कातडीखालीं चरबीचा जाड थर असतो. त्या जिवावर तो कित्येक दिवस, प्रसंगीं कित्येक आठवडे, उपाशी राहूं शकतो. उदाजवळ असा सांठा नाहीं. दाट लोकरींत कोंडलेली हवा हेंच त्याचें पांघरूण, आणि पाण्यांतल्या धावपळीनें अंगांतली ऊब तर सारखी खर्च होत राहते. म्हणून त्याला रोज, आणि पोटभर, खावें लागतें. नदींत मासे कमी झाले तर हातावर पोट असलेल्या मजुराप्रमाणें त्याचे हाल पहिल्याच आठवड्यांत सुरू होतात. नदीच्या प्रकृतीची नाडी पाहावयाची असेल तर उदाचें ताट पाहावें, असें जें म्हणतात, तें यासाठींच.

माझ्या लहानपणीं ऊद दिसणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हती. माघ-फाल्गुनांत पहाटे नदीवर गेलें तर एखादें कुटुंब पलीकडच्या तीरानें ओळीनें जातांना दिसे; पाण्यावर डोकीं तेवढीं वर, मागें लांबच लांब रेषा. आमची आजी त्यांना पाहून 'आले बघ हे स्नानाला' म्हणे. ह्या दोन वर्षांत मी ओहोटीच्या वेळा पाहून वारंवार नदीवर गेलों आहें, आणि प्रत्यक्ष ऊद मला दोनदांच दिसला. त्यांतही एकदां नुसती शेपटी. तो मुळांत लाजाळू, त्यांत सकाळसंध्याकाळ व रात्रीं हिंडणारा. तेव्हां न दिसणें म्हणजे नसणें नव्हे, हें खरें. मग त्याची नोंद ठेवावी कशी? सीलवाल्या शास्त्रज्ञांनीं जो मार्ग काढला तोच. प्राणी दिसत नाहीं, पण त्याची विष्ठा दिसते.

ऊद ह्या बाबतींत शिस्तीचा आहे. नदींत पुढें आलेला कातळ, वाळूचा उंचवटा, ओढा मिळतो तेथलें टोंक, अशा ठराविक जागीं सारें कुटुंब शौचास जातें, आणि तीच जागा पुनःपुन्हा वापरतें. ती आपल्या हद्दीची खूणही असते. विष्ठा ताजी असतांना काळपट, बुळबुळीत व मासळीच्या उग्र वासाची. वाळली म्हणजे राखी रंगाची, हात लावतांच खवल्यांचा व कांट्यांचा भुगा होणारी. माझ्या साथीला अशा चार जागा ठाऊक होत्या. त्यांतली एक तर त्याच्या बापाच्या वेळेपासूनची.

खरी अडचण उभी राहिली ती घरांत. आमचें घर शाकाहारी, आणि केळीच्या पानांत गुंडाळलेली उदाची विष्ठा घेऊन मी उंबऱ्याशीं उभा! सौभाग्यवतींनीं तेथेंच अडविलें. "अहो, तें घेऊन आंत पाऊल टाकाल तर माझ्याशीं गांठ आहे. साठी उलटली, आतां हें काय नवीन आरंभलें आहे?" अखेर तह झाला. गोठ्यामागची दगडी डोणी, एक जुनी बादली व बाजारांतून आणलेली स्वतंत्र गाळणी एवढें माझ्या वांट्यास आलें. काम आटोपल्यावर स्नान केल्याखेरीज घरांत यावयाचें नाहीं, ही अट. स्वयंपाकघरांतल्या चहाच्या गाळणीकडे मीं नुसतें पाहिलें तरी तिची भुंवई वर जाते, ती अजूनही.

काम तसें सोपें आहे. विष्ठा साबणाच्या पाण्यांत रात्रभर भिजत घालावयाची, सकाळीं गाळणींत धरून पाण्याची धार सोडावयाची, राहिलेला गाळ कागदावर उन्हांत वाळवावयाचा, आणि मग भिंग घेऊन बसावयाचें. खवले, मणके, दांत, कांटे, कुर्लीच्या कवचाचे तांबूस तुकडे, कोळंबीच्या सालींचे पापुद्रे असें निरनिराळें करावयाचें. बाजारांतल्या ओळखीच्या माशांचे खवले व मणके साथीनें मला आणून दिले; ते पुठ्ठ्यावर चिकटवून नांवें लिहून ठेविलीं, म्हणजे पडताळा पाहावयास बरें. पुढें पुढें असें झालें कीं, आमच्या सौभाग्यवती गोठ्याच्या दारांत, चार हात दूर, पाट टाकून बसूं लागल्या. तांदूळ निवडण्यांत ज्यांचे डोळे पन्नास वर्षें तयार झाले त्यांना दोन खवल्यांतला फरक दाखवावा लागत नाहीं. "तो गोल आहे ना, तो निराळा. मघांचा लांबट होता," असें त्या दुरूनच सांगत, आणि बहुधा त्यांचेंच खरें निघे.

माशाच्या खवल्यावर झाडाच्या खोडांतल्यासारख्या रेषा असतात. त्यांवरून मासा लहान कीं मोठा, कोवळा कीं जून, याचा अजमास करतां येतो. अलास्काकडे हेंच काम माशांच्या कानांतल्या खड्यांवरून करतात. पण ह्या साक्षीदारांत खोटेपणा नसला तरी अपुरेपणा आहे, तो सांगितला पाहिजे. शिंगाळीला खवलेच नाहींत; तिचा कांटा सांपडला तर सांपडला. मोठ्या माशाचें पोट तेवढें खाऊन डोकें टाकलें तर विष्ठेंत त्याची खूण उरत नाहीं. उलट कुर्लीचें कवच टिकाऊ, त्यामुळें एक कुर्ली खाल्ली तरी चार खाल्ल्यासारखें वाटतें. म्हणून आमच्या टिपणांची बेरीज मीं शेंकडेवारींत मांडीत नाहीं. दोन म्हाताऱ्यांच्या व एका भोयाच्या हौसेला तो डौल शोभावयाचा नाहीं.

मोघम सांगावयाचें तर असें. पावसाळ्यांत काम बंदच असतें. आषाढाचा पहिला लोंढा कातळ धुऊन नेतो. अश्विनापासून पुढें पाहतां खालच्या अंगाला, खाडीकडे, बोय व काळुंद्र यांचे खवले आणि कुर्ल्यांचे तुकडे पुष्कळ, कोळंबीही असे. बहुतेक मासे वीतभराच्या आंतले. वरच्या अंगाला, जेथें चैत्रांत नदीचे नुसते डोह उरतात, तेथें मात्र तिलापियाचे खवले भरपूर निघाले. हा आफ्रिकेकडचा मासा भारतांत प्रथम १९५२ सालीं आणला गेला, आणि तेव्हांपासून तळ्यांनद्यांतून तो असा पसरला आहे कीं गांवच्या माशांना जागा उरत नाहीं. केरळांत पेरियारच्या जलाशयावर उदांच्या विष्ठेचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला व तो २००५ सालीं प्रसिद्ध झाला. तेथेंही त्यांचें जवळजवळ सारें अन्न मासेच, आणि त्यांत बाहेरून आणलेल्या तिलापियासारख्या माशांचा भरणा होता. ऊद म्हणजे कांहीं व्रतस्थ नव्हे. जें सोपें मिळेल तें तो खातो. आमच्या डोहांत तिलापिया सोपा झाला आहे, एवढाच ह्याचा अर्थ.

आतां साथीच्या जाळ्याकडे वळूं. आरोप खरा होता. दोनदां मीं स्वतः पाहिलें: रात्रीं लावलेल्या जाळ्यास हातभर भगदाड, आणि शेजारीं पोट फाडलेली बोय. नव्या जाळ्याला पैसे पडतात, आणि फाटकें शिवावयाला दिवस जातो. त्या दिवसाची मासळी बुडते ती निराळीच. ज्यांचें जेवण दुसऱ्याच्या शेतांतून येतें अशा माझ्यासारख्यांनीं 'पशूंवर दया करा' हें त्याला सांगणें फार स्वस्त आहे. पण जाळें शिवतां शिवतां त्यानें आपण होऊनच मला फरक दाखविला. उदाचें भोंक मोठें व फाटलेलें. कुर्लीची कात्री लहान, पण जागोजाग. त्या हंगामांत कुर्ल्यांचीं भोंकें किती तरी अधिक होतीं. मीं आमच्या कागदावरचे कुर्लीचे तुकडे त्याच्यापुढें केले, तेव्हां तो बराच वेळ ते उलटेपालटे करून पाहत राहिला व म्हणाला, "म्हंजे काय, ह्याला आता मी पगार देऊ?" मीं त्याला उत्तर दिलें नाहीं. उत्तर मजजवळ नव्हतेंही.

प्राण्यांची संख्या घटते तेव्हां आपण प्रथम बंदुकीला दोष देतों. बंदुकीचा, सांपळ्याचा दोष आहेच. उदाचें कातडें मऊ व टिकाऊ. भारतांतून तें चोरट्या वाटेनें उत्तरेकडे जाई व तिबेटी पोशाखाला लावलें जाई. २००६ सालीं दलाई लामांनीं तें वापरूं नये असें सांगितलें, तेव्हां लोकांनीं ठेवणींतलीं कातडीं जाळून टाकिलीं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ऊद मारणें गुन्हा आहे, आणि २०१९ सालीं जिनीव्हाच्या परिषदेंत ह्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. परंतु इंग्लंडांत जें घडलें तें पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, बंदूक न झाडतांही ऊद संपतो.

तेथें कुत्रीं घेऊन उदाची शिकार करण्याचा शौक जुना. शिकारी मंडळ्या दर हंगामांत ऊद किती मिळाले त्याच्या वह्या ठेवीत. १९५७-५८ च्या सुमारापासून त्या वह्यांतले आंकडे एकाएकीं खालीं आले. शिकारी तेच, कुत्रीं तींच, नद्या त्याच. ऊद मात्र सांपडेनात. पुढें कारण उमगलें. डिल्ड्रिन नांवाचें औषध बियाण्याला चोळीत व मेंढ्यांना त्याच्या पाण्यानें न्हाऊं घालीत. तें पावसाबरोबर ओढ्यांत गेलें, ओढ्यांतून माशांत, आणि थोडें थोडें करून माशांतून उदांच्या अंगांत सांठलें. मारला तो जेवणानें. १९७७ ते १९७९ ह्या वर्षांत इंग्लंडभर पाहणी झाली. तिची रीत मला फार आवडली: ऊद मोजावयाचेच नाहींत, ठरविलेल्या प्रत्येक ठिकाणीं नदीचा ६०० मीटर कांठ चालावयाचा, आणि विष्ठा वा पाउल दिसलें कीं नाहीं एवढेंच लिहावयाचें. शंभरांतल्या सहाहून कमी ठिकाणीं खूण मिळाली. तें औषध बंद झालें, नद्या निवळल्या; २००९-१० च्या पाहणींत तोच आंकडा ५९ च्या जवळ गेला, आणि २०११ सालीं शेवटच्या राहिलेल्या केंट परगण्यांतही ऊद परतला. जपानांत असें झालें नाहीं. तेथला नदींतला ऊद १९७९ नंतर खात्रीनें कोणीं पाहिला नाहीं, व २०१२ सालीं सरकारनें तो नामशेष झाल्याचें जाहीर केलें. सिंगापुरांत मात्र नाहींसा झालेला आपलाच गुळगुळीत ऊद १९९८ च्या सुमारास परत येऊन भर वस्तीच्या नदींत संसार करूं लागला.

अलास्काच्या समुद्रसिंहांची कथा आणखी निराळी. त्यांची पश्चिमेकडची वस्ती १९७० नंतरच्या तीस वर्षांत शेंकडा ऐंशींच्या आसपास घटली. विष्ठा तपासली तर पोटें रिकामीं नव्हतीं. पण तेलकट हेरिंगऐवजीं रुक्ष पोलक मासा त्यांत फार. तेव्हां पोट भरलें तरी पोषण झालें नाहीं, असा एक पक्ष आहे. दुसरे पंडित मासेमारीला व शिकारी देवमाशांना दोष देतात. वाद मिटलेला नाहीं. मला यांत घेण्यासारखें दिसतें तें हें कीं, अन्न अपुरें पडणें, अन्न निकस होणें आणि अन्न विषारी होणें ह्या तीन वेगळ्या आपत्ति आहेत, आणि तिन्हींचा पहिला पुरावा विष्ठेंतच हुडकावा लागतो.

आमच्या नदीवर यांपैकीं कोणती? खाडींतून वाळू उपसली जाते, तिच्याबरोबर तळ ढवळला जातो व कांठ ढांसळतात. ज्या करंजांच्या मुळांखालीं उदाचीं बिळें असत, त्यांतलीं कित्येक झाडें आतां नाहींत. पूर, घरें व रस्ते यांसाठीं दगडी भिंती बांधल्या जात आहेत. भिंतींत बीळ करतां येत नाहीं. पण मला सर्वांत भय वाटतें तें उन्हाळ्यांतल्या डोहांचें. पूर्वीं गेळफळ कुटून टाकीत व मासे गुंगवीत. तें पाणी दोन दिवसांत निवळे. आतां ब्लीचिंग पावडर ओततात, क्वचित् शेतावर फवारावयाचें औषध. तासाभरांत डोहांतलें सारें वर येतें, अंड्यापिलांसकट. मोठे मासे पिशवींत जातात. बारीक सडत राहतात, आणि रात्रीं ऊद येतो. गेल्या चैत्रांत वरच्या अंगाच्या एका डोहावर असा प्रकार झाला. त्यानंतर तेथल्या कातळावर पावसाळा येईतों एकही नवी खूण आम्हांस दिसली नाहीं. ऊद मेला, कीं उठून दुसरीकडे गेला, हें विष्ठा नसल्यावरून सांगतां येत नाहीं.

गोव्यांत मांडवीच्या मुखाशीं चोडण बेटावर व आसपासच्या खाजणांत तरुण अभ्यासक ह्याच जातीच्या उदांचा मागोवा घेत असतात. झाडाला बांधलेला कॅमेरा रात्रीं आपोआप चित्र टिपतो, आणि विष्ठेंतल्या सूक्ष्म द्रव्यावरून, म्हणजे डी.एन.ए.वरून, एक प्राणी दुसऱ्याहून वेगळा ओळखतां येतो. तसें झालें तरच 'किती आहेत' या प्रश्नाला खरें उत्तर मिळावयाचें. कारण एका जागीं दहा ढीग दिसले तर ते दहा उदांचे, कीं एकाच कुटुंबाचे दहा दिवसांचे, हें आमच्या भिंगाला कळत नाहीं. नातवानें मला एक तसला कॅमेरा आणून देण्याचें कबूल केलें आहे. आम्हीं मात्र इंग्लंडची रीत उचलली आहे. चार जागा, दर अमावास्या व पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला फेरी, आणि वहींत दोनच रकाने: खूण आहे, खूण नाहीं.

ही वही साथीकडे असते. त्याची शाळा सुटली तेव्हां अक्षर बरें होतें; आतां पुन्हा हात बसला आहे. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही दोघे बापाच्या वेळच्या त्या कातळावर बसलों होतों. पाणी अजून उतरत होतें. तेथें मीं धीर करून म्हटलें, "त्या दिवशीं वर्गांत तूं बरोबर होतास. छडी मला मारावयास नको होती."

तो हंसला. "कवाची गोष्ट काढलीत गुरुजी! छडी माझ्या ध्यानात नाय. त्याच्या आदल्या दिशी बाबानं हितंच मला ऊद दावले होते, ते ध्यानात हायत. आठ होते. म्हणून तर मी उभा राह्यलो."

मग त्यानें वांकून कातळाची खांच पाहिली, वही उघडली, आणि मला दाखवून लिहिलें: मार्गशीर्ष अमावास्या. जागा तिसरी. खूण आहे, ताजी. कुर्लीच्या नांग्या, बोयचे खवले. ऊद दिसला नाही.